एकोणचाळीस टाचण्या

माझी धाकटी लेक शिवणकाम करते. कपडा अंगावर बेतताना पाच-सहा टाचण्या ओठांत धरायच्या, ही तिची जुनी खोड. त्यामुळे गिऱ्हाइकाला उत्तर फक्त ‘हं’. माझंही पालुपद ठरलेलं, “एक दिवस गिळशील, मग कळेल.”

गेल्या सोमवारी तिच्या ओठावर पुळ्या उठल्या, पाठोपाठ ताप. पुढचे तीन दिवस “भूक नाही” एवढंच. चौथ्या दिवशी पाहते तर थुंकीसुद्धा गिळत नव्हती, रुमालात टाकत होती. मी हटून बसले तेव्हा तिने टाचण्यांची डबी पुढे सरकवली.

“चाळीस होत्या. एकोणचाळीस भरतात. गिळताना छातीत टोचतंय गं.”

“आणि हे आज सांगतेस?”

“तू ‘तरी सांगत होते’ म्हणाली असतीस.”

एक्स-रेत टाचणी दिसली नाही. दुर्बीण घातली, तर अन्ननलिकेत जखमा. डॉक्टर बाई म्हणाल्या, “ओठावर पुळ्या आणणाऱ्या विषाणूचंच हे काम दिसतंय. जखमेचा तुकडा तपासायला पाठवलाय.”

“अहो, ही कधी साध्या सर्दीनेही झोपत नाही!”

“हा आजार धडधाकट माणसालाही होतो, क्वचित. बहुधा आपोआप बराही होतो, आपण औषध देऊच. फक्त प्रतिकारशक्ती कमी नाही ना, तेवढं रक्त तपासून बघू.”

त्या ‘तेवढं’वर मी दोन दिवस काढले. सलाईनची नळी लावलेली ती मलाच हसवत होती, “मशीनवर एका बाहीचा कोट तसाच पडलाय. गिऱ्हाईक अर्धं गारठलं असेल.” मी हसायचे आणि बाहेर जाऊन डोळे पुसायचे. मधेच तिचे कपडे आणायला घरी गेले, तेव्हा त्या कोटाच्या अस्तरात चाळिसावी टाचणी सापडली. ती सापडूनही कसलाच दिलासा मिळाला नाही. आता भीती रक्ताची होती.

आज दुपारी अहवाल आले. विषाणू तोच. रक्तात काही दोष नाही.

संध्याकाळी तिने माझं मनगट घट्ट धरून अर्धा पेला पाणी प्यायलं. प्रत्येक घोटाला डोळे मिटत होती, पण प्यायली.

“आता म्हणून टाक, आई.”

“काय?”

“तरी सांगत होते.”

तीन दिवस ती त्या दुखण्यासोबत एकटी राहिली, ती माझ्या या तीन शब्दांना भिऊन.

“अजून दोन घोट घे,” मी म्हटलं.

“हं,” ती म्हणाली.