आत्याचा कंप्युटर आणि आत्याचं टेबल

आमच्या घरात काहीही बंद पडलं की त्यावर एकच औषध. शिलाई मशीनचं तेल. कडी कुरकुरली, घाल तेल. छत्री उघडत नाही, घाल तेल. घरच शिवणकामाचं आहे ना. बाबा कापतात, आई शिवते, मी कडांचे धागे सुटू नयेत म्हणून ओव्हरलॉक मारते आणि आत्या मापं घेऊन कागदी नमुने काढते. बाबा त्याच नमुन्यांवर कापड कापतात.

तर आत्याचा कंप्युटर सुरू होईना. दिवा लागायचा, पण पडद्यावर काही यायचं नाही. आत्या अस्तर आणायला बाहेर गेली होती. आईला वाटलं, वन्सं यायच्या आत आपणच ठीक करून ठेवू. तिने बटणाच्या फटीत तेलाची कुपी दाबली.

"थोडं मुरू दे," म्हणाली आणि परत शिवायला बसली.

मुरल्यावर दिवाही लागेना.

आत्या आली, बटण दाबलं, बोट नाकाशी नेलं. "वहिनी, तेल घातलंस?"

"पांढरं घातलं हो. डाग न पडणारं."

"मग ठीक आहे. मेला तरी स्वच्छ मेला."

दुसरी कुणी असती तर आदळआपट केली असती. आत्या बसली आणि पोट धरून हसली. आई आधी बावरली, मग तीपण हसली.

कंप्युटर म्हणजे तुम्ही समजता तसला नाही हा. नुसता जाडजूड कीबोर्ड, सगळं त्याच्याच पोटात. मागून एक वायर टीव्हीला जाते, दुसरी विटेएवढ्या जड अडॅप्टरला. आईच्या लग्नाच्याही आधीचा आहे. आत्या तेव्हा बटणांच्या कारखान्यात होती. पोरगी पैसे साठवतेय म्हणजे दागिना करणार, असं घरात सगळे धरून चालले होते. ती एक दिवस हा खोका काखेत मारून आली. आजोबा आठवडाभर बोलले नाहीत. पुस्तकात बघून बघून ती स्वतःच शिकली. मग तिने एक प्रोग्रॅम लिहिला. छाती, उंची, खांदा टाकला की शर्टाच्या प्रत्येक तुकड्याचं माप येतं. ज्या पोरांचं अंग तयार मापात बसत नाही, एक खांदा खाली असतो किंवा पाठ वाकलेली असते, त्यांचेही शर्ट आमच्याकडे बरोबर बसतात, ते यामुळेच.

तिला बघायला एक स्थळ आलं होतं. मुलाच्या आईने विचारलं, "हे पण सोबत आणणार का?"

आत्या म्हणाली, "हे तर आणणारच. मुलाचं अजून ठरायचंय."

पुढे काही झालं नाही. तिला कुणी खोचकपणे विचारलं, "लग्न मोडलं का गं?" तर म्हणायची, "मोडायला आधी सुरू व्हावं लागतं."

हे सगळं मोबाइलवरही होतं, हे मलाही माहीत आहे आणि तिलाही. बाबांनी एकदा म्हटलं तसं. ती म्हणाली, "तयार शर्टही दुकानात मिळतात, दादा. मग तू कशाला कापतोस?"

पण या वेळी बाबांना निमित्त मिळालं होतं. त्यांनी काजं करायचं मशीन घेतलं होतं, गुरुवारी येणार होतं. जागा कुठे? तर खिडकीशेजारी, आत्याच्या टेबलाच्या जागी.

"चालत असेल तर राहू दे," बाबा म्हणाले. "गुरुवारपर्यंत ते डबडं सुरू झालं नाही, तर भंगारात. टेबलपण उचलायचं."

"बरं," आत्या म्हणाली.

माझं डोकंच फिरलं. "बरं काय बरं? आत्या, तू बरं कशाला म्हणालीस?"

"भिंगरी, तू आधी मशीनमध्ये अडकलेली ती कापडाची पट्टी सोडव. ओरडतेस काय?"

मी ओरडणारच. आत्याकडे कुणी वाकडं बघितलं तर मी बाबांनाही सोडत नाही. मी शाळा सोडली तेव्हा घरात सगळे मला वेगवेगळ्या आवाजात तेच तेच ऐकवत होते. ही एकटी म्हणाली, "ये, बस इथे. काय करायचंय ते सांग." बस, तेवढंच.

तिची बघायची पद्धत आमच्याच धंद्यातली. मशीनवर धागा तुटायला लागला की आम्ही रिळापासून सुरू करतो. रीळ, मग कड्या, मग ताण, शेवटी सुई. मधूनच कुठेतरी बोट घालत नाही. कंप्युटरलाही तिने तेच लावलं. भिंतीपासून आत.

आधी भिंतीतल्या प्लगला इस्त्री लावली. तापली. म्हणजे वीज येतेय. मग अडॅप्टरला मीटर लावला. काटा पाचवर थांबला.

"हा बरोबर आहे," ती म्हणाली. "हा वर गेला असता तर आतलं सगळं भाजलं असतं."

मग बटण. ते उघडलं तर आत आईचं तेल आणि इतक्या वर्षांचा कापसाचा भुगा, दोन्हींचा मस्त लगदा झालेला. कानकोरण्याच्या काडीला कापूस गुंडाळून तिने स्पिरिटने एकेक पत्रा पुसला. बुधवारी दुपारी दिवा लागला. टीव्हीवरची खरखर थांबून पडदा राखाडी झाला. पुढे काही नाही. एक अक्षर नाही.

बाबा जाता जाता डोकावले. "छान. रात्री अंधारात चप्पल शोधायला होईल."

"बाबा, तुमची चप्पल शोधायला दिवा नाही लागत, वासाने सापडते," मी म्हणाले. आईने मला मागून चिमटा काढला.

गुरुवारी सकाळी आत्याने झाकण काढलं. आत काही चिप्स खोबणीत बसवलेल्या असतात. गरम-गार, गरम-गार होऊन त्या हळूहळू वर सरकतात. तिने अंगठ्याने एकेक दाबली. कुर्र, कुर्र आवाज आला. लावून बघितलं तर पडदाभर चौकोन, रेघा, कचरा.

"बिघडला!" आई म्हणाली.

"नाही वहिनी, बोलायला लागला. अजून बडबडतोय एवढंच."

आता राहिली मेमरी. आठ चिप्स, ओळीने. कंप्युटर चालू ठेवूनच तिने प्रत्येकीवर बोट टेकवलं आणि डोळे मिटले. कोमट, कोमट, कोमट. पाचवीवर थांबली. माझं बोट धरून तिथे ठेवलं. गार होती. बाकीच्या सगळ्या काम करत होत्या, ही बसून होती.

"पेशंटची नाडी लागते का, डॉक्टरीणबाई?" बाबा कापता कापता म्हणाले.

आत्याने टेबलाखालचा खोका पुढे ओढला. भंगारवाल्याकडून आणलेलं एक जुनं बोर्ड तिच्याकडे होतं. त्यावर तसलीच चिप होती. डाग द्यायची, म्हणजे सोल्डरिंगची, इस्त्री तापवून ती एकेक पाय सोडवायला लागली. आणि तेवढ्यात खाली टेंपो वाजला.

दोन हमाल मशीन घेऊन जिना चढले. मी दारात आडवी उभी राहिले.

"थांबा."

"कार्टे, बाजूला हो," बाबा म्हणाले.

"गुरुवार संपला नाहीये अजून."

"हात भरून आलेत हो, ताई," पुढचा हमाल म्हणाला.

"मग खाली ठेवा. मी आत नको म्हणतेय, खाली ठेवायला नाही."

मागे आत्या कंप्युटर बंद करून ती काढलेली चिप गार चिपच्या पाठीवर बसवत होती. पायावर पाय, घोड्यावर स्वार बसवावा तसा. एका बोटाने दाबून धरली आणि दुसऱ्या हाताने बटण दाबलं.

पडदा निळा झाला. वरच्या कोपऱ्यात पांढरी अक्षरं आली, खाली एक चौकोन लुकलुकायला लागला. आत्याने एका हाताने एक बेरीज टाइप केली. उत्तर आलं. बरोबर आलं.

आई टाळ्याच वाजवायला लागली. बाबा जवळ येऊन वाकले. "हे असं? पोट उघडं, पाठीवर चिप, वर तुझं बोट?"

"तूपण कंबरेला पट्टा बांधूनच चालतोस, दादा. तुला कुणी भंगारात घातलं?"

हमाल फिस्सकन हसले. बाबांनाही हसू आवरेना. "बरं बाई, जिंकलीस. चालतोय तोवर राहू दे टेबलावर."

मी उडीच मारणार होते. पण आत्याचा चेहरा बघितला आणि थांबले.

"चालतोय तोवर?" ती म्हणाली.

"मग? तसंच ठरलं होतं ना?"

तिने बटण दाबलं. पडदा काळा. चिप उचलून वाटीत ठेवली. "हा बंद झाला. उचल आता टेबल."

"अगं, वेडी झालीस का? आत्ता तर चालू होता!"

"मला चालू हवा होता म्हणून केला. तुझ्या गुरुवारासाठी नाही केला. तू ज्या दिवशी कापत नाहीस, त्या दिवशी तुझं टेबल कुणी उचलतं? वहिनीचं मशीन बिघडलं तर वहिनीला जागेवरून उठवतोस? हे टेबल माझं आहे. यावर चालू कंप्युटर असेल, बंद कंप्युटर असेल, नाहीतर मी नुसते पाय पसरून बसेन. मी 'बरं' म्हणाले ती माझी चूक. आता म्हणत नाही."

बाबांनी टेबलाच्या कडेला हात लावला खरा. आत्याने हातही पुढे केला नाही, नुसती बघत राहिली. बाबांनी हात काढून घेतला आणि आईकडे बघितलं.

"माझ्याकडे काय बघता?" आई म्हणाली. "तुमचं कापायचं टेबल हातभर सरकवा भिंतीकडे. कधीची सांगतेय. चिंध्या साठवायला ठेवलीय ती जागा."

"मग मी वळू कुठे?"

"वन्सं इतकी वर्षं वळताहेतच ना तेवढ्यात."

शेवटी बाबांनी त्यांच्या कापायच्या टेबलाचं एक टोक धरलं, मी दुसरं धरलं. मागून चिंध्यांचा डोंगर निघाला. काजाचं मशीन मोकळ्या झालेल्या जागेत बसलं. बाबांचं कोपर दिवसभर भिंतीला आपटत होतं आणि दर वेळी ते आत्याकडे बघत होते. आत्या मान खाली घालून त्या चिपचे पाय सरळ करत होती, उद्या नीट डाग देऊन बसवायला.

त्या दिवशी तिने कंप्युटर परत लावला नाही. लाव म्हणायची कुणाची हिंमतही झाली नाही. रात्री जेवायला बसलो तेव्हाही तो तिथेच होता, झाकण उघडं, बंद, खिडकीशेजारी.