मास्तर गाडीखाली

शाळेत सुतारकाम शिकवून निवृत्त झालेल्या मास्तरांना गल्लीत सगळे पाठीमागे ‘स्वयंभू’ म्हणत. इस्त्री, पंखा, नळ, दाराची कडी, घरातल्या कशालाही त्यांनी परक्याचा हात लागू दिला नव्हता. आपला हात जगन्नाथ! सासूबाईंची कवळीसुद्धा त्यांनीच कानस घेऊन घासून दिली होती, आणि त्यानंतर त्या माउलीने कडक म्हणून काही खाल्लं नाही.

त्यांच्या बायकोने शाळेत एक तासही शिकवला नव्हता, तरी गल्लीच्या लेखी त्या मास्तरीणबाई. नवऱ्याच्या उद्योगांना त्या सरावल्या होत्या. पण ही गाडी दारात आली आणि त्यांच्या जिवाला घोर लागला.

गाडी म्हणजे कुणा हौशी माणसाने हौस फिटल्यावर विकलेली जुनी, अवजड एसयूव्ही. तिच्या चाकांवर पोलादी स्प्रिंग नव्हत्या, हवेचे रबरी फुगे होते. इंजिन सुरू केलं की त्यांत हवा भरायची आणि गाडी वर उठायची. मागचा डावा फुगा चिरला होता, त्यामुळे गाडी रोज त्या कुशीवर कलंडून बसायची. फिटर म्हणाला, “मास्तर, फुगे काढून साध्या स्प्रिंग टाकू. या वयात हेच बरं.” तो गाडीच्या वयाबद्दल बोलत होता, पण झोंबलं मास्तरांना. त्यांनी नवा फुगा मागवला आणि अंगणात बाह्या सरसावल्या.

दुपारपर्यंत फुगा बसला, चाक चढलं, जॅक निघाला. हवा भरून गाडी ताठ उभी राहिली. मास्तरांनी इंजिन बंद केलं आणि डाव्या बाजूने गाडीखाली सरकले.

“अहो, ठोकळे तरी लावा,” मास्तरीणबाई म्हणाल्या.

“हवा कुठे निसटतेय का, तेवढं ऐकतो. दोन मिनिटांचं काम.”

हवा निसटत होती. बाहेर उभ्या मास्तरीणबाईंनाही ती बारीक फुसफुस ऐकू आली. मग त्यांना दिसलं की चाकावरची फट कमी होतेय. त्या हाक मारणार, तेवढ्यात बाहेर आलेले मास्तरांचे पाय एकदम ताठरले.

“अगं,” खालून आवाज आला, “गाडी बसतेय. छाती अडकली.”

मास्तरीणबाईंनी शेजाऱ्यांना हाका मारल्या, पण सगळे कामावर गेलेले.

“किल्ली आत आहे. इंजिन सुरू कर. उठेल गाडी.”

त्यांनी दार उघडलं, किल्लीला हात लावला आणि थांबल्या. रोज सकाळी स्वयंपाकघराच्या खिडकीतून त्या ही गाडी उठताना बघत. ती सरळ उठत नसे. उंच राहिलेली उजवी बाजू आधी खाली येई, डावीला गाठे, आणि मग सगळी गाडी वर जाई. मास्तर आत बसलेले असत, त्यांना नुसतं वर जाणं कळे. आत्ता मास्तरांचं डोकं उजव्या बाजूला होतं.

“मी नाही सुरू करणार.”

“अगं, वेडी आहेस का...” पुढचं बोलायला श्वास पुरला नाही.

“उजवी बाजू आधी खाली येते. डोकं सापडेल तुमचं.”

फुसफुस चालूच होती. मास्तरीणबाईंना वाटलं, आपलं चुकलं तर हा माणूस आपल्या हातून जाईल. आणि मग, भिंतीत खिळा कुठे ठोकू हेसुद्धा बायकोला कधी न विचारलेला तो माणूस म्हणाला, “मग तूच सांग. काय करायचं?”

“जॅक लावते. कुठे, तेवढं बोला.”

“दाराखाली... पत्र्याला दोन खाचा आहेत... मधोमध.”

पहिल्यांदा जॅक फरशीवरून सरकला, गाडी करकरली आणि खालून एक आवाज आला, जो त्यांनी मास्तरांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. त्यांनी पायपुसणं जॅकखाली कोंबलं, दांड्यावर सगळं वजन टाकलं. एकदा, पुन्हा, पुन्हा. चाकावर बोटभर फट दिसली. ती वितीएवढी झाल्यावर त्यांनी मास्तरांचे पाय धरले आणि पोतं ओढावं तसं त्यांना बाहेर ओढलं.

मास्तर पायरीवर बसले. सदरा फाटला होता, छातीवर गाडीच्या दांडीचा लाल वळ उमटला होता. श्वास जाग्यावर आला, तसा पूर्वीचा सूरही थोडा परत आला.

“रोज बघत होतीस, तर मला सांगायचं नाही?”

“सांगितलं होतं,” मास्तरीणबाई म्हणाल्या. “तुम्ही म्हणालात, दूध उतू जाईल, आत जा.”