एक घर थंड प्लग

जगातल्या कुठल्याही माणसाचा स्वभाव मोटारीच्या स्पार्क प्लगवरून समजावून सांगता येतो, असं मनापासून मानणारी एकच व्यक्ती मराठवाड्यात आहे आणि ते नेमके माझे साडू आहेत. लातूरच्या गंजगोलाईत त्यांचं स्टीलच्या भांड्यांचं दुकान. आहेराच्या पातेल्यांवर नावं घालायचं, ठिणग्या उडवत करकरणारं एक यंत्र गल्ल्याशेजारी असतं, आणि त्यांच्या मोटारज्ञानाचा उगम त्या यंत्रात आहे. ‘ठिणगी काय चीज असते ते ह्या हाताला विचारा,’ असं म्हणून ते हात पुढे करतात. एकदा हात पुढे आला की गिऱ्हाइकानं पातेलं विसरायचं आणि ऐकत बसायचं.

ऐकायचं ते असं. टर्बो गाडीच्या इंजिनात जास्तीची हवा कोंबतात. आग्रह करकरून वाढलेलं जेवण असतं ते. अंगात जोर येतो, पण आत तापही फार होतो. मग प्लग कसा हवा, तर थंड. थंड म्हणजे हाताला गार नव्हे. उष्णता आली की जो लगेच सोडून देतो तो थंड आणि धरून बसतो तो गरम. त्यातही कंपनी देते त्यापेक्षा एक पायरी थंड, म्हणजे त्यांच्या भाषेत ‘एक घर थंड’. शिवाय टोकाची फट बारीक हवी, नाहीतर हवेच्या दाबानं ठिणगी विझते. हे सगळं मला पाठ आहे, कारण मी नांदेडला राहत असलो तरी आमच्यात फोन आहे. लातुरातले मेकॅनिक ‘कंपनीचाच टाका, काका’ म्हणून हात जोडतात. साडू त्यांना गरम प्लग म्हणतात.

रेणापूरच्या एका लग्नात पंगत बसली आणि साडू गायब. शोधता शोधता ते मंगल कार्यालयामागे सापडले. नवऱ्या मुलाच्या मामाच्या गाडीचं बॉनेट उघडं, मामा हातात रुमाल घेऊन उभे, आणि आमचे साडू एक प्लग उन्हात धरून डोळा बारीक करून पाहत होते. ‘बदामी रंग हाय. घराणं चांगलं हाय,’ ते मला म्हणाले. मी सहज तो प्लग घ्यायला गेलो तर त्यांनी माझं मनगट धरलं. ‘प्लगच्या ह्या पांढऱ्या चिनीमातीला बोट लावू नका, साडू. बोटाचा ओलावा लागला की ठिणगी आतून जायची सोडून बाहेरून पळती. मग गाडी धक्के खाती.’ त्या मामांचा प्लग अखेर रुमालात धरून जागेवर बसवला गेला, तोवर जिलेबी संपली होती.

जावई निवडतानाही त्यांनी पत्रिका पाहिली नाही. नांदेडच्या मुलाला त्यांनी एकच प्रश्न विचारला, ‘राग आला तर किती वेळात निवतो?’ मुलगा गोंधळून म्हणाला, ‘येतो, पण जेवायला बसलो की जातो.’ साडूंनी तिथेच सुपारी फोडायला सांगितली. बाहेर आल्यावर मला म्हणाले, ‘माझी लेक टर्बो हाय. तिला असाच एक घर थंड लागत होता.’ मुलगी एकुलती एक. ती नांदेडला गेली आणि महिन्याभरात साडूंनी जुनी गाडी काढून टर्बो घेतली. लेकीचा फोन आला तर उशीर व्हायला नको, एवढंच त्यांनी कारण दिलं.

मग लेकीला दिवस गेले आणि पहिलं बाळंतपण माहेरी करायचं ठरलं. सातव्या महिन्यात तिला लातूरला आणायचं होतं, आणि डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं की प्रवासात धक्के बसता कामा नयेत. झालं. साडूंची भूक मेली. धक्के म्हणजे प्लग, याबद्दल त्यांना शंकाच नव्हती. ते थेट हैदराबादला गेले आणि इंजिनाच्या तीन नळकांड्यांसाठी तीन प्लग घेऊन आले. आक्का, म्हणजे त्यांची बायको, मला फोनवर म्हणाली, ‘माझ्या पाटल्या घेताना हे दुकानाच्या बाहेर उभे होते. त्या तीन खिळ्यांसाठी हैदराबादला गेले बघा.’

आणायच्या आदल्या दिवशी ते जुन्या प्लगवर नांदेडला आमच्याकडे आले. नवे आधीच का बसवले नाहीत, असं मी विचारलं. ‘कोरे प्लग लेकीआधी मीच वापरू का?’ ते म्हणाले. सकाळी अंघोळ आणि इष्टलिंगाची पूजा उरकून, कपाळावर ओलं भस्म, अशा थाटात त्यांनी आमच्या अंगणात प्लग बसवले. मी जवळ गेलो तर पाठ करून उभे राहिले. ‘तुमची सावली पडायली,’ म्हणाले. मग लेकीला सासरहून घेऊन मागच्या सीटवर उशांमध्ये बसवलं, सोबतीला मला पुढे घेतलं आणि आम्ही निघालो.

गावातून गाडी लोण्यासारखी निघाली. लोह्यापर्यंत साडू गालात हसत होते. अहमदपूरच्या अलीकडे एक चढ लागला, त्यांनी पाय जरा दाबला, आणि गाडीनं असा धक्का दिला की माझा चष्मा नाकावरून घसरला. मागून ‘आई गं’ ऐकू आलं. साडूंचा चेहरा पांढरा पडला. त्यांनी गाडी एका लिंबाखाली घेतली. लेक दोन्ही हात पोटावर ठेवून बसली होती. ‘काही न्हाई आप्पा, हाललं बाळ. उठलं वाटतं,’ ती म्हणाली, तेव्हा कुठे त्यांनी श्वास सोडला.

इंजिन निवेपर्यंत समोरच्या टपरीवर चहा झाला. साडूंनी चहा हातात धरून गार केला आणि ओतून दिला. मग पहिला प्लग बाहेर आला. मी वाकून पाहिलं. पांढऱ्या शुभ्र चिनीमातीवर भस्माचे तीन आडवे पट्टे होते, ओल्या बोटांनी नीट ओढलेले, आणि त्यांच्यावरून एक काळी जळकी रेघ वरपासून खालपर्यंत गेली होती. दुसऱ्यावर तेच. तिसऱ्यावर तेच. ज्या माणसानं भर लग्नात माझं मनगट धरलं होतं, त्यानं स्वतःच्या हातानं हे केलं होतं.

लेक खाली उतरून आली होती. तिनं प्लग पाहिला, मग बापाकडे पाहिलं. ‘आप्पा, हे तुमी लावलं?’

‘हो,’ साडू म्हणाले. ‘सगळा हिशेब बराबर होता, बाई. तरी भ्या वाटलं.’

ओढणीच्या टोकानं तिनं एकेक प्लग पुसला. पुसताना बोटाला जे भस्म लागलं ते टाकायचं कसं, म्हणून तिनं ते आधी आपल्या कपाळाला लावलं, मग बापाच्या. जळून काळपट झालेलं होतं. दोघं काजळी फासल्यासारखी दिसत होती. मला हसू येत होतं आणि डोळ्यांत पाणीही आलं होतं. लातूरपर्यंत गाडीनं एकही धक्का दिला नाही.

मुलगी झाली. बारसं झालं, बाळ मान धरू लागलं आणि लेकीला सासरी पोचवायचा दिवस आला. लातूरहून सकाळी निघाले म्हणून फोन आला; आमच्याकडे जेवून मग सासरी जायचं होतं, त्यामुळे दुपारची पानं मांडलेली. दुपार गेली. चहाची वेळ गेली. दिवेलागणीला गाडी दारात आली. मागे लेक आणि तिच्या मांडीवर गाढ झोपलेलं बाळ. मी धावतच पुढे झालो आणि विचारलं, ‘काय झालं? प्लग गेले का?’

‘प्लग एकदम बराबर हाईत,’ साडू हळूच दार लावत म्हणाले. ‘मीच पाय दाबला न्हाई, टर्बो लागूच दिला न्हाई.’ मग हातपाय धुवायला ते नळाकडे गेले आणि बराच वेळ तोंडावर पाणी मारत राहिले.