मुद्देमालातला झेंडा

आमच्या बेंबळीकडच्या भागात पहिला तिरंगा कुणी फडकवला, हे शाळेतल्या पोरापोराला पाठ आहे. आमदारसाहेबांनी. खोटं नाही ते. तयार झेंडा तेव्हा अख्ख्या तालुक्यात एकट्या त्यांच्याकडंच होता. तो त्यांच्याकडं आला कसा, एवढंच शाळेत शिकवत नाहीत, म्हणून मी सांगते.

तेव्हा ते आमदार नव्हते, निजामाचे अमीन होते. अमीन म्हणजे आताचे फौजदार. माझे वडील गावात शिंपीकाम करायचे आणि साहेबांची वर्दी अर्थातच फुकट शिवायचे. साहेब गावात आले की पुढं त्यांचा जमादार चालायचा. त्यानं हात कपाळाला नेला की गावानं सलाम करायचा, तो हसला की गावानं हसायचं. साहेब उर्दूत काय बोलतात ते निम्म्यांना कळायचं नाही, आणि कळण्याची गरजही नव्हती. सगळ्यांचे डोळे जमादाराच्या हातावर. या विद्येत आमचं गाव लई हुशार होतं.

देश स्वतंत्र झाला आणि आम्ही तेवढे निजामाच्या पदरात उरलो. त्या दिवसांत वडिलांनी एका दुपारी दार लावून तिरंगा शिवायला घेतला. काठीची बाजू आणि दोन कडा दुमडून झाल्या, तिसरी मशीनवर होती, तोवर अमीनसाहेब दारात. चुगली कुणी केली ते आजतागायत कळलेलं नाही. साहेबांनी चालू सुईखालून झेंडा ओढून काढला. मग वडिलांचा उजवा हात फळीवर ठेवायला लावला आणि अंगठ्यावर बंदुकीचा दस्ता हाणला. मी तेव्हा दहा वर्षांची, चुलीपाशी बसलेली. तो आवाज आठवला की माझी सगळी थट्टा संपते.

झेंडा आणि मशीन मुद्देमाल म्हणून जप्त झाली. चौकीत जागा नव्हती, त्यामुळं मशीन साहेबांच्या घरी गेली. बाईसाहेबांनी त्या मुद्देमालावर दारंखिडक्यांचे पडदे शिवले, असं ऐकलं.

वर्षभरात हिंदुस्थानचं लष्कर सोलापूरकडून आत शिरलं. रझाकार वाट फुटेल तिकडं पळाले. साहेब कशाला पळतील? त्यांनी मुद्देमालाचं कपाट उघडलं. लष्कराच्या गाड्या आल्या तेव्हा चौकीवर माझ्या वडिलांचा तिरंगा फडकत होता आणि खाली साहेब ताठ उभे राहून सलामी देत होते. अशी दूरदृष्टी उगाच येत नाही, त्याला पोलीस खात्यात वर्षं काढावी लागतात.

पुढं नोकरी सोडून साहेबांनी खादी अंगावर घेतली आणि पहिल्याच निवडणुकीला उभे राहिले. एके सकाळी आमच्या घरी येऊन चक्क जमिनीवर बसले. जन्मभर "ए दर्जी" म्हणणारा माणूस त्या दिवशी "शिंपीकाका" म्हणाला.

"शिंपीकाका, सभेत एवढंच सांगा. झेंडा मी तुमच्याकडून गुपचूप शिवून घेतला होता. दुसऱ्या दिवशी मशीन तुमच्या दारात."

ते गेल्यावर आई म्हणाली, "सांगून टाका की. मशीन आली तर पोरगी चालवंल. घरात दोन घास तरी येतील."

वडील उठून सभेसाठी धुतलेला सदरा शोधायला लागले. मला वाटलं, हे आता खोटं बोलणार. मला त्यांचा भयंकर राग आला होता.

सभेला सगळा गाव लोटला. पुढच्या रांगेत तोच जमादार, आता पांढऱ्या टोपीत. शिंपी थांबला की टाळी वाजवायची, असा त्याला हुकूम होता. हुकमाचा माणूस तो, ऐकण्याच्या भानगडीत कशाला पडेल?

वडील उभे राहिले. "झेंडा म्या शिवला."

जमादारानं टाळी दिली. गावानं दिली.

"साहेबांनी त्यो हिसकून नेला. माजी मशीन नेली."

पुन्हा टाळ्या. वडिलांनी वाकडा अंगठा वर धरला.

"आन् ह्यो त्यांनीच मोडला."

सगळ्यात मोठा कडकडाट तिथं झाला. भाषण तर मराठीत होतं, सगळ्यांना कळणारं; पण डोळे जमादाराच्या हातावर असले की कान काय करणार? साहेबांनी उठून वडिलांना मिठी मारली. साहेब दणक्यात निवडून आले.

मशीन मात्र त्यांनी पाठवली. शब्दाला पक्का माणूस! वडिलांना कात्री धरवत नव्हती, म्हणून शिवायला मी बसले.

काही वर्षांनी साहेबांचा माणूस तोच झेंडा घेऊन आमच्याकडं आला. साहेब दरवर्षी शाळेत तोच फडकवायचे. सुईखालून ओढलेली तिसरी कड उसवत चालली होती. ती लढाईत फाटली, असं ते पोरांना सांगायचे. आता झेंडा टिकावा म्हणून ती दुमडून हवी होती.

मी सुईत दोरा ओवला. वडिलांनी माझ्या हातातून झेंडा काढून घेतला, नीट घडी घातली आणि त्या माणसाच्या हातात परत दिला. तो गेल्यावर मी म्हणाले, "आबा, चार टाक्यांचं तर काम होतं."

"सभेत माजं कुणी ऐकलं न्हाय," ते म्हणाले. "आता ती कडच तेवढी साक्षीला हाय. ती बी म्याच मिटवू व्हय?"