मैनाबाईंच्या नावावर माझा होकार

ही गोष्ट आजवर माझ्या तोंडून बाहेर पडलेली नाही. आईला सांगितली नाही, संघटनेत तर नाहीच. तुम्हाला सांगते, कारण तुम्ही मला सभेत भेटणार नाही.

मला सभा आवडतात. हसा खुशाल. मांडवात चटई अंथरली, लोक एकेक करून यायला लागले, की मला बरं वाटतं — आजही. सिंदेवाहीहून गडचिरोलीच्या या जंगलातल्या गावात आले तेव्हा मी पत्रकं लिहून तयार झालेली मुलगी होते. ओळीओळीला उद्गारचिन्ह. साहेब लोक बंद खोलीत गावाचे निर्णय घेतात, यावर मी किती लिहिलंय! आणि मनापासून लिहिलंय.

या गावाची रीत वेगळी. हात वर करून मोजणी नाही. सगळे गोल बसतात, एकेकाला विचारतात, आणि एक जरी माणूस नाही म्हणाला तरी सभा उठते. पुन्हा बसायचं — त्याला पटेपर्यंत, नाहीतर बाकीच्यांना त्याचं पटेपर्यंत. ही रीत भाषणात सांगायला मला फार आवडायची. तिच्यात बसायला? तितकं नाही.

त्या वर्षी बांबू कुठला तोडायचा ते ठरत होतं. सभा मी चालवत होते, ठरावही मीच लिहिणार. चौथी बैठक. सगळं गाव नाल्याकाठचं बांबूचं बेट तोडायला तयार, एकट्या मैनाबाई सोडून. दर वेळी तेच, आवाज न चढवता: "थे बेट राहू द्या ना भाऊ. आमा म्हाताऱ्याइले तेवढंच जवळ हाय. टरक घुसला का वास्ते तुडवून टाकन." वास्ते म्हणजे बांबूचे कोवळे कोंब, पावसाळ्यातली भाजी. काय चुकीचं होतं त्यात? काहीच नाही. पण संघटनेच्या तालुका बैठकीत मी छाती ठोकून सांगून बसले होते — सोमवारी ठराव आणते. माझं लक्ष घड्याळाकडे. सभेतले वडीलधारे चैतूभाऊ म्हणाले, "काऊन वं पोरी, यष्टी सुटून राह्यली का तुयी?" सगळे हसले. मीही हसले. आतून संतापले होते. गावावर संतापता येत नाही ना, मग मैनाबाईंवर.

पाचव्या बैठकीत, ऊन उतरल्यावर, त्या शेळ्या आणायला उठल्या. हजेरीचा अंगठा त्यांनी आधीच दिला होता. त्या कुंपणाआड गेल्या आणि मी — साध्या आवाजात, मान वरही न करता — म्हणाले की मैनाबाईंशी सकाळीच माझं बोलणं झालंय, त्यांना पटलंय.

झालं नव्हतं. सकाळी मी त्यांच्या दारावरून गेले होते. थांबलेसुद्धा नव्हते.

कुणी शंका घेतली नाही. का घेतील? मी काय ठेकेदार होते? ठराव लिहून झाला. शेळ्या बांधून त्या परत आल्या तेव्हा लोक उठत होते. "ठरलं बाई, बरं झालं," चैतूभाऊ त्यांना म्हणाले. गावाला वाटलं, बाई मानल्या. बाईंना वाटलं, गावाने पहिल्यांदा कुणालातरी वगळून ठरवलं. आणि मधे मी उभी, रजिस्टर छातीशी धरून. माझं एक वाक्य पुरलं असतं. मैनाबाईंनी पदराने तोंड पुसलं आणि त्या घरी गेल्या.

मी सोमवारी ठराव दिला. टाळ्या झाल्या. मी घेतल्या.

आता सभेत मी घाई करत नाही. सभा तीनदा उठली तरी चालते. गप्प बसलेल्यांची वाट बघते, आणि त्यात मला खरंच सुख आहे — ते मी नाकारणार नाही. मैनाबाई अजून येतात, खांबाजवळ बसतात. पाळी आली की म्हणतात, "सगळ्याइचं थेच माहं." लोक म्हणतात, बाई आता समजदार झाली.

नाल्याकाठचा बांबू पुन्हा फुटला. मैनाबाईंचं 'नाई' मात्र त्या संध्याकाळनंतर कुणी ऐकलेलं नाही. ते मी बंद केलं.