सून बारावीला बसली तेव्हा

आमच्या घराच्या खाली, रस्त्याला लागून, माझ्या सुनेचे केस कापण्याचे दुकान आहे. पाटीवर भारदस्त नाव रंगवलेले आहे, पण सगळी गल्ली त्याला 'खालचं पार्लर' म्हणते. दोन फिरत्या खुर्च्या, एक बेसिन, भिंतभर आरसा आणि आरशाखाली एक रुंद लाकडी ड्रॉवर. त्या ड्रॉवरमध्ये पिना, केसांचे आकडे, जाळ्या, रोलर आणि तिची आवडती कात्री असते. गिऱ्हाइकांबरोबर आलेली मुले पिना खिशात घालतात म्हणून तिने त्याला कुलूप लावून घेतले. सकाळी उघडायचा, बाहेर जाताना बंद करायचा आणि किल्ली पर्समध्ये टाकायची. ही सवय इतकी अंगवळणी पडली होती की आपण कुलूप लावतो हे तिचे तिलाही कळत नसे.

माझी सून कामाला वाघ आहे. माझा मुलगा पंपांच्या दुरुस्तीसाठी गावोगाव फिरतो, महिन्यातले निम्मे दिवस घरी नसतो, त्यामुळे घर आणि दुकान दोन्ही तिच्याच अंगावर. हे गेले तेव्हा तिने माझ्या हातातले प्रत्येक काम हळूच काढून घेतले. भाजी निवडायला बसले की ताट उचलायची. "तुम्ही बसा, आई. खूप केलंत आजवर." तिच्या मनात माया होती, दुसरे काही नव्हते. पण बसून बसून माणूस किती बसणार? माझी रोजनिशी लिहायची सवय शाळेपासूनची. आमच्या कॉन्व्हेंटमधल्या सिस्टर सांगत, जे घडले ते लिहा, जे वाटले ते देवाला सांगा. त्या काळात माझ्याकडे लिहिण्यासारखे फारसे काही घडत नव्हते. देवाला मात्र बरेच ऐकून घ्यावे लागले.

दुकानातही तेच. तिच्या हाताखाली आक्का आहे. वयाने सुनेपेक्षा पुष्कळ मोठी, उंच, कमी बोलणारी. सून तिला आक्का म्हणते आणि ती सुनेला ताई म्हणते, तेव्हा धाकटी कोण हा प्रश्न आजवर सुटलेला नाही. आक्काचा हात चांगला आहे, पण सून तिला डोकी धुणे आणि झाडणे यापुढे जाऊ देत नसे. रंग लावायचा तर सून, केस बांधायचे तर सून.

मग नात अकरावीत गेली आणि तिने व्यवसाय अभ्यास हा विषय घेतला. आमच्या वेळी मुलींना घरशास्त्र होते. पलंगावरच्या चादरीचे कोपरे कसे दुमडायचे हे मी गुण मिळवून शिकले आहे. धंदा हा शाळेत शिकवायचा विषय असतो हे मला नवीन होते. नातीने पुस्तक दुकानात विसरले, आणि गिऱ्हाइकाच्या डोक्यावर रंग मुरेपर्यंत काय करायचे म्हणून सुनेने ते उघडले.

संध्याकाळी ती वर आली ती पुस्तक छातीशी धरूनच.

"आई, यात माझंच लिहिलंय सगळं."

"तुझं?"

"म्हणजे मी जे करते ते. पण त्याला नावं आहेत हो प्रत्येकाला! नियोजन, संघटन, समन्वय. मला वाटायचं मी नुसती धावपळ करते."

तिची शाळा अकरावीनंतर सुटली होती. वडिलांनी अंथरूण धरले, घरात कोणी तरी कमावायला हवे होते, ही केस कापायला शिकली. त्याबद्दल ती कधी बोलत नसे. फक्त कुठल्याही अर्जात 'शिक्षण' असा रकाना आला की तेवढा भाग आम्हाला भरायला द्यायची.

तिने बाहेरून बारावीला बसायचे ठरवले. त्या पहिल्या वर्षी बाकीचे पेपर झाले, आणि व्यवसाय अभ्यासाचाच हुकला. सकाळी एका बाईंना केसांना रंग लावून घ्यायचा होता. सून म्हणाली, एवढा रंग लावते आणि निघते. आक्का म्हणाली, मी लावते. "नको नको, तुम्हाला नाही जमायचा तो." ती केंद्रावर पोहोचली तेव्हा दरवाजा बंद झाला होता. परत आली, हात धुतले आणि पुढच्या गिऱ्हाइकाला बसवले. तिच्या नखांत तपकिरी रंग तसाच होता.

"आता एकदाच," ती मला म्हणाली. "या खेपेला झालं तर झालं. नाही तर पुस्तकं रद्दीत. मला पुन्हा पुन्हा त्या दरवाजाशी उभं नाही राहायचं."

दुसऱ्या वर्षी नात आणि सून दोघीही बारावीला, आणि विषयाचे पुस्तक एकच. जेवणाच्या टेबलावर एक या टोकाला, एक त्या टोकाला, पुस्तक मध्ये. नात परीक्षा घ्यायची.

"व्यवस्थापनाची कार्यं सांग."

"नियोजन, संघटन, निर्देशन..." सून बोटे मोडत अडखळायची.

"शेवटचं? आई, शेवटचं तर तुला जन्मापासून पाठ आहे. नियंत्रण!"

"फाजीलपणा पुरे. पुढचा विचार."

"अधिकारप्रदान म्हणजे काय?"

सून पाठ म्हणाल्यासारखी सांगायची: हाताखालच्या माणसाला काम द्यावे, आणि ते पार पाडण्यापुरते अधिकारही द्यावेत. नुसती जबाबदारी दिली आणि अधिकार दिले नाहीत, तर माणूस अडतो.

"वा! आणि हे तू कधी केलंयस?"

"चहा टाक," सून म्हणायची.

पण पुस्तक तिच्या अंगात हळूहळू उतरत होते. एक दिवस ती माझ्यापुढे उभी राहिली, अर्ज घेऊन आल्यासारखी. "आई, दुकानाचा फोन तुम्ही घ्याल का? मला वाचताना मध्येच उठावं लागतं. कोणाला कुठली वेळ द्यायची ते तुम्हीच ठरवा. मी विचारणारसुद्धा नाही."

मी घेतला. पहिलाच फोन एका करड्या आवाजाच्या बाईंचा.

"तुम्ही कोण बोलताय?"

"मी सासू."

"कोणाची?"

"दुकानाची," मी म्हणाले. त्या हसल्या आणि मी देईन ती वेळ त्यांनी मुकाट्याने घेतली. त्या दिवसापासून माझ्या रोजनिशीला पुन्हा मजकूर मिळू लागला. कोणाची वेळ चुकली, कोण रुसले, कोणी कोणाच्या आधी नंबर मागितला. भाजीचे ताटही परत आले. त्यासाठी मी कोणाची आभारी असावे हे नक्की सांगता येत नाही, म्हणून सुनेची आणि त्या पाठ्यपुस्तकाच्या लेखकमंडळाची, अशी वाटून आहे.

परीक्षेच्या वेळापत्रकाने मात्र घात केला. व्यवसाय अभ्यासाचा पेपर ज्या सकाळी, त्याच दिवशी दुपारी समोरच्या औषधवाल्या बाईंच्या मुलीचे लग्न. औषधवाल्या बाई म्हणजे दुकानाचे पहिले गिऱ्हाईक. दुकानात एकच खुर्ची होती आणि बेसिनला नळ नव्हता तेव्हापासूनच्या. त्या मुलीचे जावळानंतरचे सगळे केस सुनेनेच कापलेले. नवरीचे केस दुसऱ्या कोणी बांधायचे ही कल्पनाच दोघींना सोसत नव्हती.

"पेपर पुढच्या वेळी देते," सून एकदा पुटपुटली.

नातीने पुस्तक मिटले. "अधिकारप्रदान," एवढेच म्हणाली.

सून आरशापासून वळली. मग आक्काला म्हणाली, "आक्का, नवरीचे केस तुम्ही बांधायचे."

आक्काने हातातला झाडू भिंतीला टेकवून ठेवला, आणि तो त्या दिवशी पुन्हा उचलला नाही. पुढचे काही दिवस तिने नातीच्या लांब केसांवर सराव केला. माझ्यावर करावा इतके केस मला उरलेले नाहीत.

पेपरच्या सकाळी दोघी निघाल्या. केंद्रे वेगवेगळी, त्यामुळे दोन दिशांना. सून जाण्यापूर्वी दुकानात डोकावून आली. ड्रायर कुठे, फवारा कुठे, आरसा पुसला का, सगळे आक्काला पुन्हा सांगितले. औषधवाल्या बाईंना वचन दिले, "आक्का करतील ते मी केलं असं समजा." मग मला नमस्कार करून गेली. मी फोनपाशी बसले.

थोड्याच वेळात जिन्यावर पावले वाजली. आक्का.

"काकू, ड्रॉवर बंद आहे."

"मग उघड."

"किल्ली ताईंकडे."

मी सुनेला फोन लावला. बंद. असणारच, पर्स वर्गाबाहेर ठेवावी लागते. मी आक्काबरोबर खाली गेले. नवरी खुर्चीत, केस धुऊन वाळवून पाठीवर सोडलेले, आणि तिच्याभोवती आई, मावश्या, आत्या असा घोळका. पिनांशिवाय ते केस वर जाणार नव्हते. शेजारची दुकाने उघडायला अजून अवकाश होता.

"बोलावून घ्या तिला," औषधवाल्या बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला होता, पण रडण्याच्या बेतात होत्या बिचाऱ्या. "रिक्षा पाठवा. परीक्षा काय, दर वर्षी येते. माझी मुलगी काय दर वर्षी लग्न करणार आहे?"

मला ठाऊक होते, निरोप गेला की ती येणार. पेपर अर्धा टाकून, शाई लागल्या हातांनी धावत येणार आणि नंतर पुस्तके रद्दीत घालणार. मला हेही ठाऊक होते की समोर एक मुलगी ओल्या डोळ्यांनी बसली आहे. सगळ्या माझ्याकडे बघत होत्या.

"तिला बोलवायचं नाही," मी म्हणाले. "आक्का, पिना मिळाल्या तर तुला जमेल ना?"

"पिना मिळाल्या तर जमेल."

मी वर गेले. माझा अंबाडा होता तेव्हाच्या पिना मी पावडरच्या एका डब्यात जपून ठेवल्या आहेत. का ठेवल्या ते विचारू नये. तो डबा आणला, पण निम्म्या गंजलेल्या. आक्काने चांगल्या तेवढ्या वेचल्या, मान हलवली आणि मग ती जे वागली ते मी कधी विसरणार नाही. एवढी मुखदुर्बळ बाई, तळहात पुढे करून तिकीट मागणाऱ्या कंडक्टरसारखी घोळक्यातून फिरू लागली.

"काढा पिना."

"अहो, माझा अंबाडा सुटेल!" थोरली मावशी ओरडली. "पहाटेपासून बसून बांधलाय!"

"लग्न तुमचं नाही," आक्का म्हणाली आणि हात तसाच ठेवला.

आधी नवरी हसली. मग औषधवाल्या बाईंनी मुकाट्याने आपल्या डोक्यातल्या पिना काढून आक्काच्या हातावर ठेवल्या. मग आत्या, मग धाकटी मावशी, शेवटी थोरलीही, "फोटोत मी कशी दिसेन" असे म्हणत म्हणत. आक्काने पिना दातांत धरल्या आणि कामाला लागली. नवरीच्या मानेवरून केस बटेबटेने वर जात होते आणि बसत होते. शेवटची पीन लावून आक्का मागे सरली, तेव्हा औषधवाल्या बाई आरशात बघून इतकेच म्हणाल्या, "अगं बाई." लग्नाला नवरी निघाली ती देखणी, आणि तिच्यामागे निघाल्या सगळ्या मोकळ्या केसांच्या मावश्या.

सून दुपारी आली. जिना चढतानाच बोलत होती.

"आई, शेवटची घंटा होईपर्यंत बसले! जागची उठले नाही. आणि मोठा प्रश्न कुठला आला असेल? जबाबदारी दिली पण अधिकार दिले नाहीत तर काय होतं, उदाहरणासह स्पष्ट करा!"

नात तिच्याआधीच पोहोचली होती आणि तिला सगळी हकीकत कळली होती. तिने ओठ घट्ट मिटून घेतले. "मग उदाहरण कुठलं दिलंस?"

"पुस्तकातलंच. सायकलच्या कारखान्याचं. का?"

आक्का खिडकीशी पाय पसरून चहा पीत होती. कप खाली न ठेवता ती म्हणाली, "ताई, जरा पर्स उघडा."

सुनेने पर्स उघडली. किल्ली वरच होती. ती हातात घेऊन तिने एकेकीकडे पाहिले, आणि कोणी काही न सांगता तिला सगळे समजले. मटकन खाली बसली. आधी लाल झाली, मग नात हसायला लागली तशी हीही हसली, इतकी की डोळ्यांना पदर लावावा लागला. नंतर मी पिनांची गोष्ट सांगितली आणि तिला बोलावले नाही हेही सांगितले. तिने माझा हात धरून ठेवला. कितीतरी वेळ सोडला नाही.

मग जुडग्यातून ती किल्ली ओढून काढली. गच्च बसली होती, नखाने काढावी लागली. आक्कापुढे धरली.

"ही तुमच्याकडे राहू दे."

"आणि तुम्हाला ड्रॉवर उघडायचा झाला तर?"

"तुमच्याकडे मागीन."

निकाल लागला तेव्हा सून पास झाली. नातीला तिच्यापेक्षा थोडे जास्त गुण मिळाले, आणि त्यावर "पुस्तक तुझं होतं, मी उसनं वाचलं" हे सुनेचे म्हणणे अजून चालू आहे. परवा कुठलासा अर्ज आला होता. 'शिक्षण' हा रकाना तिने आमच्याकडे दिला नाही. स्वतः भरला आणि पेनचे टोपण बंद करून पुन्हा एकदा वाचला.

त्या मावश्यांपैकी दोघी नंतर आपल्या पिना परत मागायला आल्या. खुर्च्या रिकाम्या होत्या, म्हणून बसल्या. तेव्हापासून नियमाने येतात. थोरली मावशी फोनवर मला बजावून सांगते, वेळ द्या ती आक्काची द्या.