चाचांचे हवेवरचे शेरे

नऊ ऑगस्ट, सकाळी सहा वाजून चाळीस मिनिटे. या वेळी साऱ्या लोणावळ्यात हवेशी समोरासमोर भांडणारे एकच गृहस्थ असत, आणि त्यांच्या चिक्कीच्या दुकानावरच्या खोलीत मी तीन वर्षे त्यांची भाडेकरू होते. सारा बाजार त्यांना चाचा म्हणे. दमट हवेत चिक्की मऊ पडते हे तिथल्या प्रत्येक दुकानदाराला ठाऊक असते. चाचा मात्र तो वैयक्तिक अपमान समजत. रात्रभर खिडकीत ठेवलेला चिक्कीचा तुकडा ते सकाळी कानाशी धरून मोडत आणि त्या आवाजावरून गुळाचा पाक किती कडक घ्यायचा ते ठरवत. आवाज पसंत पडला नाही, तर गिऱ्हाइकालाच परत पाठवत. मुंबईच्या एका कुटुंबाने पाच किलो मागितली, तेव्हा म्हणाले, "आज नेऊ नका. खंडाळ्याच्या बोगद्यात शिरेपर्यंत तिची कणीक होईल."

माझ्याआधीच्या भाडेकरूने, एका संगणक अभियंत्याने, त्यांना एक विकी, म्हणजे ब्राउझरमध्ये उघडून लिहिता येणारी वही, उभारून दिला होता. रोज एका रकान्यात हवेतली आर्द्रता भरायची आणि विकीला जोडलेल्या प्लगइनने, म्हणजे एका छोट्या जोड-प्रोग्रॅमने, तिचा आलेख काढायचा, एवढेच त्याचे काम. आर्द्रता मोजायचे यंत्रही त्यानेच दिले. यंत्राशी पटत असेपर्यंत चाचा आकडे भरत. बिनसले की त्याच रकान्यात शेरे सुरू होत. 'यंत्र ऐंशी म्हणतंय, खोटारडं.' 'भिंतीला घाम.' 'आज विचारू नका.' मी भौतिकशास्त्राची विद्यार्थिनी. आकड्यांच्या रकान्यात असे काही दिसले की माझी दाढ ठणकू लागे.

गेल्या वर्षी सर्व्हर सांभाळणाऱ्यांनी पीएचपी ही प्रोग्रामिंगची भाषा अद्ययावत केली आणि दुसऱ्या दिवशी आलेखाच्या जागी कोरे पान आले. "हवा आत शिरली," हे चाचांचे निदान. माझे निदान वेगळे होते. जुनी आवृत्ती शब्दांना मुकाट्याने शून्य मानून पुढे जाई. नवी आवृत्ती पहिल्याच शेऱ्यापाशी अडून बसली होती. याचा अर्थ, चाचा ज्या दिवशी चिडत, त्या दिवशी आलेखात लोणावळ्याचे वाळवंट होत असे. मी हे त्यांना गंभीरपणे समजावून सांगितले. रेषा शून्यावर पडून झालेले ते खड्डे त्यांना पूर्वीपासून माहीत होते, म्हणे. "तेवढे दिवस मी जिंकलो," ते म्हणाले.

प्रत्यक्षात हवाच जिंकली होती. दम्यामुळे डॉक्टरांनी त्यांना हे गाव सोडायला सांगितले होते आणि त्या रविवारी ते सोलापूरला मुलीकडे कायमचे जाणार होते. जाण्याआधी सगळ्या वर्षांचा आलेख एकदा सलग पाहावा, एवढीच त्यांची इच्छा होती. शेरे पुसले तर दहा मिनिटांत काम होईल, असे मी सुचवले. तेल लावलेला ओटा पुसता पुसता ते थांबले.

"आकडे यंत्राचे आहेत, बेटा. माझं तेवढंच आहे त्यात."

मग मी प्लगइन बदलला: आकडा असेल तर रेषा काढायची, शब्द असतील तर रेषा तोडून त्या जागी ते शब्दच छापायचे. शनिवारी संध्याकाळी आलेख उमटला. चाचांनी तो भिंग धरून वाचला आणि प्रत्येक शेऱ्यापाशी आधी हसून मग खोकत राहिले. शेवटी त्यांनी विचारले, "पण माझे खड्डे कुठं गेले?" शून्ये चुकीची होती, असे मी म्हणाले. त्यांनी तुटलेल्या रेषेवरून बोट फिरवले. "बरं. बरोबरीत सुटलं म्हणू."

सोलापूरची हवा फारच सज्जन निघाली. तिच्याशी भांडायला काही कारणच नाही, अशी त्यांची तक्रार असे. मग रोज सकाळी याच वेळी, सहा चाळीसला, त्यांचा फोन येऊ लागला. मी फोनपाशी तुकडा मोडायचा, त्यांनी तिकडून ऐकून शेरा सांगायचा आणि मी तो टंकायचा, असे ठरूनच गेले. जूनपासून फोन बंद झाला. मीच केला, तेव्हा त्यांची मुलगी म्हणाली, "अब्बांना आता फोनवरचं काही ऐकू येत नाही."

दुकान आता त्यांचा पुतण्या चालवतो. आज मी त्याच्याकडून आणलेला तुकडा खिडकीतून उचलला आणि कानाशी धरून मोडला. आवाज झाला. तो बरा की वाईट, हे कसे ओळखायचे, ते चाचा खाली राहत होते तोवर विचारायचे मला कधी सुचलेच नाही. थोडा वेळ रकाना रिकामा ठेवला. मग यंत्र वाचले आणि भरले: ९४.